आकडा नको, नाव हवे : बसऱ्याहून न परतलेल्यांसाठी एक धागा

१/
आज ७ डिसेंबर. १९४९ पासून हा दिवस सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. शाळेत असताना टाचणीने छातीवर लावलेला तो इवलासा कागदी ध्वज अनेकांना आठवत असेल. याच तारखेला, १९१५ साली, आजच्या इराकमधील कुट या गावाभोवती तुर्की सैन्याचा वेढा आवळला गेला. तारखांचे हे जुळणे केवळ योगायोग आहे. परंतु त्या वेढ्यात अडकलेल्या फौजेचे नाव होते सहावी पुणे डिव्हिजन. आजचा धागा तिच्यातील माणसांविषयी आहे. थोडा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
माझे म्हणणे आरंभीच सांगते. ज्या सैनिकाचे नाव घेता येत नाही, त्याला वाहिलेली आदरांजली अर्धीच राहते. पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या बहुसंख्य माणसांच्या बाबतीत आपण शंभर वर्षे ही अर्धी आदरांजलीच वाहत आलो आहोत. त्यात ब्रिटिश साम्राज्याचा दोष मोठा आहे. पण स्वातंत्र्यानंतरचा आपला दोषही लहान नाही.

३/
सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या पट्ट्यात फिरताना जुन्या चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली एक दगडी पाटी कधीतरी दृष्टीस पडते. मजकूर जवळपास सगळीकडे एकाच साच्यातला : या गावातून अमुक इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेली, त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले. गावाचे नावसुद्धा पुष्कळदा पाटीवर नसते, कारण पाटी गावातच आहे. फक्त दोन आकडे. पंजाबपासून कोकणापर्यंत हिंदुस्थानभर अशा पाट्या सरकारने बसवल्या. साचा एक, आकडे तेवढे बदललेले.

४/
माझ्या आजोळीही अशी पाटी आहे. 'आहे' म्हणताना जरा अडखळायला होते. जुनी चावडी पाडली तेव्हा ती काढून ठेवली गेली. मला ती दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीमागे, फरश्यांच्या तुकड्यांबरोबर भिंतीला टेकवलेली सापडली. किती गेले तो पहिला आकडा अजून वाचता येतो. किती परत आले नाहीत, त्या दुसऱ्या आकड्याच्या जागी सिमेंटचा वाळलेला थर आहे. नाव तर नव्हतेच. आता आकडाही गेला.

५/
त्या दुसऱ्या आकड्यात आमच्या घरचा एक माणूस आहे. माझ्या आजीच्या आजोबांचे थोरले भाऊ. आजी त्यांना 'बसरेवाले आजोबा' म्हणते. "बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत," एवढेच तिने तिच्या आजीकडून ऐकले. पितृपक्षात त्यांच्या नावाने पान वाढत. मी विचारले, "कोणत्या नावाने गं आजी?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बसरेवाले म्हणूनच वाढायचे की." घराण्यातून माणूस १९१६ च्या आसपास गेला. त्याचे नाव त्यानंतर केव्हातरी, कुणाच्या लक्षातही न येता गेले.

६/
हे 'बसऱ्याला जाणे' म्हणजे काय होते? महायुद्धात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरताच, नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानी फौज इराणच्या आखाताच्या टोकाशी उतरली आणि तिने बसरा घेतले. इराणातील तेल आणि आखातातील वर्चस्व राखणे हा हेतू होता. मोहीम पुढे तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने सरकत गेली. या मोहिमेचा कणा असलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३वी मराठा लाइट इन्फंट्री, ११०वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. देश आणि कोकण यांतल्या खेड्यांतील मुले या पलटणींत भरती होत.

७/
२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे मोठी लढाई झाली. नुकसान इतके झाले की जनरल टाऊनशेंड यांना माघार घ्यावी लागली. दमलेली, जखमींनी भरलेली फौज कुटला, नदीच्या वळणात वसलेल्या गावात येऊन थांबली आणि ७ डिसेंबरला कोंडली गेली. वेढा १४७ दिवस चालला. तो बाहेरून फोडण्याच्या प्रयत्नांतच सुमारे २३ हजार सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले. वेढ्यातल्यांपेक्षा त्यांना सोडवायला आलेल्यांची ही हानी मोठी.

८/
आत भूक होती. धान्य संपत आले तेव्हा तोफखान्याचे आणि घोडदळाचे घोडे कापले जाऊ लागले. अनेक हिंदी सैनिकांनी घोड्याचे मांस खाण्यास नकार दिला. जातीत परत घेतील का, गावाकडे लोक काय म्हणतील, ही भीती भुकेपेक्षा मोठी होती. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांकडून अनुज्ञा मागवण्यात आली, तरी कित्येकांनी ते मांस खाल्ले तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटी विमानांतून धान्याची पोती टाकून पाहिली. युद्धाच्या इतिहासातला तो तशा प्रकारचा अगदी आरंभीचा प्रयोग. तोही पुरा पडला नाही.

९/
२९ एप्रिल १९१६ रोजी कुट शरण गेले. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी. सेनापती टाऊनशेंड यांनी उरलेले युद्ध कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर बऱ्यापैकी आरामात काढले. सैनिकांना उन्हाळ्यात वाळवंटातून पायी हाकलण्यात आले. जे वाचले त्यांतले पुष्कळजण रास अल-ऐन येथे लोहमार्गाच्या कामावर लावले गेले. वाटेत आणि छावण्यांत भूक, आमांश, तापाने हजारो मेले. त्यांना जाळले की पुरले, कोठे, याची नोंद बहुतांशी नाही.

१०/
आता मुख्य मुद्द्याकडे. १९१७ मध्ये ब्रिटिश साम्राज्याने युद्धातील मृतांसाठी एक आयोग स्थापन केला; आज तो कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणून ओळखला जातो. त्याचे तत्त्व त्या काळाच्या मानाने क्रांतिकारक होते. हुद्दा, वंश, धर्म असा भेद न करता प्रत्येक मृताचे नाव थडग्यावर किंवा स्मारकावर कोरायचे. सरदार आणि शिपाई मरणात समान. पुण्यातल्या खडकीच्या युद्धस्मशानात एकदा जाऊन यावे. एकसारख्या दगडांच्या रांगा पाहिल्या की हे तत्त्व डोळ्यांना दिसते.

११/
फ्रान्समध्ये ते पाळलेही गेले. न्यव्ह शापेल येथील हिंदी स्मारकाचे उद्घाटन ७ ऑक्टोबर १९२७ रोजी झाले. पश्चिम आघाडीवर मेलेल्या आणि ज्ञात समाधी नसलेल्या ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची व कामगारांची नावे तेथील भिंतीवर कोरली आहेत. गढवाली, शीख, पठाण, गुरखा, मराठी अशी ती नावे. शिपायाचे नाव कोरणे अशक्य होते, असे म्हणण्याची सोय या भिंतीने ठेवलेली नाही.

१२/
दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, बसरा स्मारक उभे राहिले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि समाधी नसलेल्या ४० हजारांहून अधिक लोकांचे ते स्मारक. ब्रिटिश सैनिकांची नावे, अगदी साध्या शिपायाचीही, पाट्यांवर कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली 'आणि इतर इतके हिंदी सैनिक' एवढी एक ओळ आली. आमच्या गावच्या पाटीवर होता तसाच एक आकडा. बसरेवाले आजोबा दोन्ही ठिकाणी संख्येतच राहिले.

१३/
फ्रान्समध्ये नाव आणि बसऱ्यात आकडा, हा फरक कशामुळे? पश्चिम आघाडीवर युरोपची नजर होती. वाळवंटात येऊन पाटी वाचणार कोण, असा हिशेब होता. शिपायाच्या गावाकडच्या माणसांना नावाचे एवढे काय, हे गृहीतकही होते. हा माझा तर्क नाही. आयोगाने नेमलेल्या समितीनेच एप्रिल २०२१ च्या अहवालात त्या काळच्या साम्राज्यवादी पूर्वग्रहांवर आणि वंशभेदावर बोट ठेवले. ४५ ते ५४ हजार मृतांचे, प्रामुख्याने हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन माणसांचे, स्मरण असमान रीतीने झाले; आणखी किमान १ लाख १६ हजार माणसांचे नावाने स्मरण झाले नाही, किंवा मुळीच झाले नाही, असा तिचा अंदाज आहे. आयोगाने आणि ब्रिटिश सरकारने क्षमा मागितली.

१४/
'नावात काय आहे?' असे आपण सहज म्हणतो. याचे महाराष्ट्रातले उत्तर भीमा नदीच्या काठी उभे आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर कंपनी सरकारने तेथे विजयस्तंभ उभारला. त्या लढाईचा अर्थ काय लावायचा, यावर अभ्यासकांत आणि समाजात वाद आहेत. त्यात आज शिरत नाही. माझे लक्ष दगडावर आहे. त्यावर पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. तो त्या काळच्या महार नावांचा प्रत्यय.

१५/
त्या २२ नावांनी पुढे काय केले ते पाहा. १८९० च्या दशकात 'लढाऊ जमातीं'च्या सिद्धान्ताने महारांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. आम्ही लढलो आहोत, हा त्या अर्जांचा गाभा होता. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. स्वतः सुभेदाराचा मुलगा असलेल्या या माणसाने दगडावरची नावे आपल्या लोकांसमोर इतिहास म्हणून वाचली. दगडावर 'आणि इतर ४९ सैनिक' एवढेच असते, तर तेथे जाऊन वाचण्यासारखे काय उरले असते? नाव कोरले गेले म्हणून शतकानंतर एका समाजाला आपला भूतकाळ वाचता आला.

१६/
याच कथेचे दुसरे टोक तितकेच बोलके आहे. मनुष्यबळ कमी पडू लागले तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारण्यात आली. युद्ध संपले, गरज सरली, १९२१ मध्ये पलटण मोडली. जे परत आले त्यांच्यासाठी लष्कराचे दार पुन्हा बंद झाले आणि गावात जुनाच उंबरठा वाट पाहत होता. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. आपण हुतात्म्यांविषयी बोलतो तेव्हा परत आलेल्यांना विसरतो. त्यांचा त्याग मरणाने संपला नाही. तो उरलेले आयुष्यभर चालू राहिला.

१७/
एक आक्षेप मला दरवेळी ऐकावा लागतो. हे सैनिक साम्राज्यासाठी लढले. पोटासाठी परक्यांची चाकरी करणाऱ्यांचे स्मरण स्वतंत्र देशाने का करावे? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण १९१४ च्या साताऱ्यातला विशीचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. कोरडवाहू तुकडा, सावकाराचे कर्ज, घरात खाणारी तोंडे आणि महिन्याचा बांधील पगार देणारी एकच नोकरी. १९१८ मध्ये खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात फिरून सैन्यात भरती व्हा असे सांगत होते. मोठ्यामोठ्या नेत्यांना न सुटलेला पेच त्या मुलाने सोडवायला हवा होता, ही अपेक्षा अन्यायाची आहे. मुळात स्मरण म्हणजे युद्धाचे समर्थन नव्हे. साम्राज्याने त्याला कसे वापरले हे सांगायचे असेल, तरी आधी 'तो' कोण हे ठाऊक हवे.

१८/
दुसरा आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो. गावोगावच्या वीरगळांवर तरी नावे कोठे असतात? खालच्या चौकटीत लढून पडलेला वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेक वीरगळ निनावीच. मान्य. पण वीरगळ गावाने उभारला. ज्याच्यासाठी उभारला त्याला गाव ओळखत होते, त्याची कथा तोंडी चालत आली. कथा विसरली गेली तेव्हा शेंदूर लागून त्याचा देव झाला. त्याला नाव नव्हते, पण माणसे होती. बसऱ्याच्या पाटीमागे ओळखणारे गाव नाही. पाटीच्या मजकुरात जे नाही ते कोणीच सांगणार नाही.

१९/
नाव टिकले की काय घडते, याचे एक सुखद उदाहरण. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले इतर सर्वजण मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ठाणे निकामी केले आणि लगेचच शत्रूच्या गोळीला बळी पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. रायगड जिल्ह्यातील माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या माँतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. ज्यांच्या मातीत ते पडले त्या लोकांनी जवळपास ८० वर्षांनी त्यांची आठवण ठेवली, कारण कोणाची ठेवायची हे त्यांना ठाऊक होते.

२०/
स्वातंत्र्योत्तर काळात आपण हे तत्त्व स्वीकारले आहे. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. नाव, हुद्दा, पलटण. तेथे वीरमाता भिंतीवर बोट फिरवून एक नाव शोधतात आणि सापडल्यावर त्यावर तळहात ठेवून उभ्या राहतात. असा तळहात ठेवायला आकडा चालत नाही.

२१/
मग आपण काय करावे? इतिहासाचे विद्यार्थी आणि वाचक म्हणून तीन कामे आपल्या आवाक्यातली आहेत. पहिले : आपल्या किंवा आजोळच्या गावी अशी पाटी आहे का पाहा. जुनी चावडी, शाळा, देऊळ, पार. सापडली तर मजकूर स्पष्ट दिसेल असे छायाचित्र घ्या, जागा व दिनांक लिहून ठेवा. पाटी घासू नका, अक्षरांत रंग भरू नका. इमारत पाडली जाणार असेल तर ग्रामसभेत विषय मांडा. नव्या इमारतीत पाटी बसवण्याला खर्च फारसा येत नाही, फक्त कोणीतरी वेळेवर बोलावे लागते. आमच्या गावी कोणी बोलले नाही. मीही नाही, तेव्हा मी बारावीत होते आणि पाटी वाचलीही नव्हती.

२२/
दुसरे : नावे शोधा. युद्धसमाधी आयोगाची मृतांची यादी संगणकावर विनाशुल्क पाहता येते. काही नोंदींत वडिलांचे किंवा पत्नीचे नाव, गाव, तालुका, जिल्हाही आहे. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानावर अवलंबून, म्हणून एकच गाव चार प्रकारे शोधावे लागते. घरातली ट्रंक उघडा. पदक असेल तर त्याची कड भिंगातून पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. अनेक घरांत हे पदक मोडीत गेले. काही घरांत अजून देव्हाऱ्यात आहे आणि त्याची कड कोणी वाचलेली नाही.

२३/
तिसरे आणि सर्वांत निकडीचे : जिवंत माणसांशी बोला. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. १९६५ चे त्याहून वृद्ध. १९६२ चे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तुमच्या आळीतले 'फौजी काका' किंवा 'सुभेदारआबा' नेमके कोठे होते, त्यांच्याबरोबर कोण होते, कोण परत आले नाही, हे विचारा. शौर्याची गोष्टच मागू नका. थंडी, जेवण, पत्र यायला लागलेले दिवस, परतल्यावरची पहिली रात्र, पेन्शनसाठी मारलेले खेटे, हेही विचारा. त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रण करा. वीरपत्नींशीही बोला, घरी राहून ज्यांनी युद्ध सोसले त्यांना फारच क्वचित कोणी काही विचारते.

२४/
ध्वजदिनाला निधी अवश्य द्यावा. तो माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी जातो. पण २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला झळकणारी, कोठल्या तरी परक्या सैन्याचे छायाचित्र वापरून 'आपल्या जवानांना सलाम' म्हणणारी चित्रे पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तो सलाम नक्की कोणाला आहे? एका गावातले एक नाव शोधून काढणे हे अशा हजार सलामांहून मोलाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

२५/
बसरा स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात पुन्हा उभारले गेले. तेथे मी कधी जाईन असे वाटत नाही. बसरेवाल्या आजोबांचे नावही मला अजून सापडलेले नाही. यादीत आमच्या आडनावाची पाच माणसे आहेत, तीन वेगवेगळ्या पलटणींतली. एकाच्याही पुढे गाव नाही. यंदा पितृपक्षात आजीने पान वाढले तेव्हा मी ती पाचही नावे मोठ्याने वाचली. आजी म्हणाली, "राहू देत सगळी. आपला एक असेल त्यात. बाकीच्यांनाही कोणी वाढत नसेल."

२६/
पाटी मी टाकीमागून काढून शाळेच्या व्हरांड्यात ठेवायला लावली आहे. भिंतीत बसवण्याचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. तुमच्या गावी अशी पाटी असेल तर तिचे छायाचित्र आणि गावाचे नाव या धाग्याखाली जोडा. घरात नाव ठाऊक असेल तर नाव लिहा. पूर्ण लिहा : स्वतःचे, वडिलांचे, आडनाव.

(धागा समाप्त)